परवाना यंत्राचा की माणसाचा?

कपाट बदलले म्हणून आपली पुस्तके कोणी काढून घेत नाही. संगणक बदलला, तर मात्र पैसे मोजून घेतलेली विंडोज मागे राहू शकते. असे का?

२००१ साली विंडोज एक्सपीबरोबर सक्रियीकरण, म्हणजे कंपनीकडून परवान्याची खातरजमा, घरोघरी आली. यंत्राच्या भागांवरून त्याची ओळखखूण ठरते व परवाना तिच्याशी जोडला जातो. मदरबोर्ड बदलला, की खूण सहसा जुळत नाही. संगणकाबरोबर आलेला परवाना सामान्यतः त्या यंत्रापुरताच असतो. सुटा घेतलेला दुसरीकडे नेता येतो.

चोरीला आळा हवाच. पण परवाना पैसे देणाऱ्याचा असावा, यंत्राचा नव्हे. तोवर शाळांनी खरेदीपूर्वीच परवान्याचा प्रकार विचारावा. उबुंटूसारख्या लिनक्स प्रणालींना सक्रियीकरण लागतच नाही. विद्यार्थी मित्रांनो, त्याही वापरून पाहा!