गुडघ्याला चुंबक नको, व्यायाम हवा

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती वाहणारे हमाल माझ्याकडे फिजिओथेरपीसाठी येतात, तेव्हा बऱ्याच जणांच्या कमरेला चुंबकाचा पट्टा आधीच बांधलेला असतो. कुणाच्या गुडघ्याला चुंबकाची कॅप, कुणाच्या मनगटात चुंबकाचं कडं. घरची परिस्थिती जरा बरी असेल तर चुंबकाची गादी. ती बहुधा नात्यातल्याच कुणाच्या आग्रहाला नाही म्हणता न आल्यानं घेतलेली. दुखणं किंवा दुखापत बरी होईल असं सांगून हे चुंबक विकणं बंद झालं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

विकणारा सांगतो, रक्तात लोह असतं, चुंबक ते ओढतं आणि रक्ताभिसरण वाढतं. ऐकणाऱ्याला पटतं. पण रक्तातलं लोह खिळ्यातल्या लोखंडासारखं वागत नाही. हिमोग्लोबिनच्या रेणूत ते सुट्या अणूंच्या रूपात जखडलेलं असतं. लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरिएल यांनी 1936 सालीच दाखवून दिलं की ऑक्सिजन घेतलेलं हिमोग्लोबिन चुंबकापासून किंचित दूर सारलं जातं आणि ऑक्सिजन सोडलेलं किंचित ओढलं जातं. दोन्ही परिणाम अतिशय क्षीण. एमआरआयचं यंत्र साधारण 1.5 टेस्लाचं, म्हणजे 15,000 गॉसचं असतं. पट्ट्यातलं चुंबक फार तर काही शे ते एक-दोन हजार गॉसचं. चुंबकानं रक्त ओढलं जात असतं, तर एमआरआयच्या बोगद्यातून माणूस सुखरूप बाहेर आलाच नसता.

रुग्णांना मी हे टाचणीनं दाखवते. पट्टा टेबलावर ठेवून आत शिवलेली चकती बोटांनी चाचपायची आणि तिच्यावर टाचणी ठेवायची. टाचणी चिकटते. मग मधे रुग्णाच्याच टॉवेलची जाड घडी ठेवायची. टाचणी चिकटत नाही. कमरेच्या मणक्यातली गादी कातडीपासून त्या घडीच्या जाडीपेक्षा कितीतरी खोल असते.

चुंबकांची रीतसर तपासणीही झालेली आहे. 1997 मध्ये अमेरिकेत ह्यूस्टनला पोलिओनंतरच्या वेदनेच्या 50 रुग्णांवर 45 मिनिटं चुंबक ठेवलं, तेव्हा खोट्या चुंबकापेक्षा खऱ्यानं जास्त जणांना आराम पडला. विक्रेते आजही त्याच निष्कर्षाकडे बोट दाखवतात. पण पुढे 2000 मध्ये जुनाट कंबरदुखीवर आणि 2003 मध्ये टाचदुखीच्या 101 रुग्णांवर चाचण्या झाल्या, त्यांत खऱ्या-खोट्या चुंबकात फरक दिसला नाही. 2004 मध्ये ब्रिटनमध्ये सांधेझीज झालेल्या 194 जणांत कड्यानं थोडा फायदा दिसला खरा, पण आपल्याला खरं कडं मिळालंय की खोटं, हे रुग्णाला घरी सहज ओळखता येतं ही अशा चाचण्यांची कायमची अडचण. 2007 मध्ये सगळ्या चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या, तेव्हा वेदनेसाठी चुंबकाची शिफारस करता येत नाही, असाच निष्कर्ष निघाला. सांधेझीजीपुरती शंकेला जागा उरली होती. 2009 मध्ये यॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी तीही तपासली, आणि चुंबकाचा उपयोग दिसला नाही.

तरीही "मॅडम, पट्ट्यानं बरं वाटतं" असं रुग्ण सांगतात, ते खोटं नसतं. पट्ट्याचा आधार मिळतो, ऊब मिळते. शिवाय कमरेची लचक बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपणहून ओसरते, त्याचं श्रेय तेवढं पट्ट्याला जातं.

पैसे गेले तर निदान पुन्हा मिळवता येतात. मला जास्त टोचतं ते आठवडे वाया जाण्याचं. हळदीच्या कारखान्यात काम करणाऱ्या एक मावशी पडून मनगट मोडून बसल्या. प्लास्टर काढल्यावर लगेच व्यायाम सुरू करायचा होता, पण कुणीतरी चुंबकाची पट्टी दिली आणि हात हलवू नका म्हणून सांगितलं. माझ्याकडे आल्या तेव्हा मूठ वळत नव्हती, खांदाही आखडला होता. भाकरी थापता येत नाही म्हणून त्या रडल्या. ही बोटं सोडवायला पुढे किती तरी महिने गेले. वेळेवर सुरुवात झाली असती तर एवढा त्रास झाला नसता.

झिजलेल्या गुडघ्यासाठी काय करायचं? पाय लांब करून बसा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, मांडी आवळून ती गुंडाळी खाली दाबा, पाच आकडे मोजा, सोडा. दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. वजन जास्त असेल तर उतरवा, झेपेल तेवढं चाला. याला खर्च नाही आणि याचा उपयोग चाचण्यांमध्ये पुन्हा पुन्हा दिसलेला आहे.

चुंबकाच्या अशा विक्रीला आळा घालायला कायदाही आहे. 1954 च्या औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्यात, ज्यांच्यावरच्या उपायांची जाहिरात करायला मनाई आहे अशा आजारांच्या यादीत संधिवात, मधुमेह, रक्तदाब आणि पक्षाघात आहेत. त्या कायद्यात औषध म्हणजे फक्त गोळी-बाटली नव्हे. शरीराच्या रचनेवर वा कार्यावर परिणाम करण्यासाठी दिलेली वस्तूही त्यात मोडते. हॉलमध्ये चुंबकाच्या गादी-पट्ट्यांचा डेमो घेऊन हे आजार बरे होतील असं सांगणाऱ्यांवर प्रशासनानं या कायद्याचा वापर करावा.

घरात कुणाला पेसमेकर बसवलेला असेल तर चुंबकाची गादी, पट्टा, कडं त्यांच्यापासून लांब ठेवा. चुंबक जवळ आल्यानं पेसमेकरचं काम बदलू शकतं. आणि पट्टा घेऊन फसवणूक झाली असेल तर पावती, जाहिरात, मोबाइलवरचे मेसेज जपून ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवा.