बापांनी बोलावे कोठे?

दिवाळी उरकली की नंदुरबार जिल्ह्यातून मजुरांनी भरलेल्या मालमोटारी गुजरातच्या दिशेने धावू लागतात. अक्राणी, अक्कलकुवा, तळोदा, नवापूर या तालुक्यांतील आदिवासी कुटुंबे भांडीकुंडी, गोधड्या, चार कोंबड्या आणि लहान मुले घेऊन बारडोली-सुरतेकडील उसाच्या फडांवर जातात. मुकादमाच्या वहीत नवरा आणि बायको मिळून 'एक कोयता' धरला जातो. उचल त्या कोयत्याच्या नावावर आणि हिशेबही त्याच्याच नावावर. यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञाने १९७० नंतरच्या काळात दक्षिण गुजरातेतील या ऊसतोड मजुरांचा अनेक वर्षे अभ्यास केला आणि या व्यवस्थेचे अर्थकारण जगापुढे मांडले. त्या अर्थकारणात कोयत्याला किंमत आहे, उसाच्या मोळीला किंमत आहे. कोयत्याबरोबर आलेल्या मुलाला मात्र रकाना नाही.

मूल बरोबर न्यावयाचे, आजीपाशी पाड्यावर ठेवावयाचे, की आश्रमशाळेत घालावयाचे, हा निर्णय गाडी निघण्यापूर्वी घ्यावा लागतो आणि बहुतेक घरांत तो बापच घेतो. उचल किती घ्यावी, कोणता मुकादम बरा, कोणत्या कारखान्याचा हिशेब चोख, याविषयी तो दहा जणांशी बोललेला असतो. मुलाविषयी तो कोणाशीही बोललेला नसतो. गेल्या वर्षी मुलाला मागे ठेवणाऱ्या शेजाऱ्याला काय अनुभव आला, फडावर नेलेल्या मुलाची शाळा सुटली की टिकली, ही माहिती त्याच पाड्यावर उपलब्ध असते. परंतु तिची देवघेव होत नाही. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलावयाचे तर घरातील सर्वांत मोठ्या गुंतवणुकीचा निर्णय सर्वांत कमी माहितीच्या आधारावर घेतला जातो.

पुरुष एकत्र बसत नाहीत असे नाही. आठवडे बाजारात, पारावर, एस. टी. स्थानकाच्या बाकावर, पानाच्या टपरीपाशी ते तासन्‌तास बसतात. नंदुरबारच्या बाजारात मिरचीच्या भावाची चर्चा जितकी रंगते तितकी दुसऱ्या कशाचीही रंगत नसेल. पाऊस, कापूस, निवडणूक, जमिनीचा दावा यांवर प्रत्येकाला मत असते. परंतु 'माझा मुलगा रात्री झोपेत दचकतो' किंवा 'मुलगी वसतिगृहातून परत आल्यापासून माझ्याशी बोलत नाही' असे वाक्य त्या बैठकीत कोणी उच्चारलेच, तर क्षणभर शांतता पसरते आणि मग कोणीतरी थट्टा करते. दुसऱ्या दिवशी ते वाक्य गावभर झालेले असते. या एका अनुभवाने माणूस जन्माचा शहाणा होतो आणि पुन्हा तोंड उघडीत नाही.

शासनाची यंत्रणाही घराच्या दारातून आत जाते ती आईच्या नावाने. अंगणवाडीच्या नोंदवहीत आई, अमृत आहार योजनेत गरोदर व स्तनदा माता, शाळेत माता-पालक संघ. हे योग्यच आहे, कारण भार तिच्यावर आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे खर्च करतात, तर जे थोडे पुरुष घरकामाला हात लावतात ते ९७ मिनिटे, असे आढळले. परंतु सगळे प्रबोधन आईला आणि सगळे अधिकार बापाला, अशी वाटणी झाली म्हणजे दोन्ही फुकट जाते. तीव्र कुपोषित मुलाला पोषण पुनर्वसन केंद्रात साधारण चौदा दिवस ठेवावे लागते. आईने त्याच्याजवळ राहावयाचे. बुडालेल्या मजुरीची भरपाई देण्याची सोय आहे. परंतु घरी राहिलेल्या दोन मुलांच्या भाकरी कोणी थापावयाच्या, शेळ्या कोणी सोडावयाच्या, याचे उत्तर कोणत्याही परिपत्रकात नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी आई मुलाला घेऊन परत जाते आणि 'पालकांचे अज्ञान' असा शेरा लिहून प्रकरण मिटते. ते अज्ञान नसते. चूल पेटविण्याची जबाबदारी घेणारे दुसरे माणूस घरात उभे राहिलेले नसते, आणि ते माणूस उभे राहावे म्हणून त्याच्याशी कोणी बोललेले नसते.

हा प्रश्न केवळ डोंगरातील पाड्यांचा आहे असे समजून शिक्षक-कारकुनांनी सुटकेचा निःश्वास टाकू नये. २०११ च्या जनगणनेनुसार या जिल्ह्याची लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या आसपास असून तीत सुमारे ६९ टक्के आदिवासी आहेत. त्यांची सेवा करण्यासाठी जो नोकरवर्ग येथे येतो त्यातील अनेक जण आपले कुटुंब धुळे, नाशिक किंवा शहादा येथे ठेवून धडगाव-मोलगीच्या बाजूला एकटे खोली करून राहतात. मुलाचे इंग्रजी शिक्षण, पत्नीची नोकरी, म्हाताऱ्या आईचा दवाखाना, कारणे सर्व रास्त आहेत. परिणाम असा, की दुसऱ्यांची मुले सांभाळणारा शिक्षक स्वतःच्या मुलाला रविवारी भेटतो आणि प्रगतिपुस्तकावर सही करून सोमवारी पहाटेची गाडी पकडतो. उसाच्या फडावरील बाप आणि हा बाप यांच्या मिळकतीत महदंतर आहे, अडचण मात्र एकाच जातीची आहे.

या जिल्ह्याचा इतिहास पाहिला तर घरातील दुःख बाहेर आणून बोलण्याची परंपरा येथे आहे, आणि ती घडविली स्त्रियांनी. अंबरसिंग महाराजांनी आदिवासींच्या जमिनींचा प्रश्न हाती घेतला, १९७२ साली शहाद्यात श्रमिक संघटना उभी राहिली आणि तिच्या शिबिरांतून आदिवासी स्त्रिया बोलू लागल्या. जमिनीवर आणि मजुरीवर बोलता बोलता त्या दारूवर आणि नवऱ्याच्या मारहाणीवर आल्या. गावोगावच्या दारूच्या गुत्त्यांवर त्या चालून गेल्या, मडकी फोडली, बायकोवर हात उगारणाऱ्याला चारचौघांत जाब विचारला. महाराष्ट्रातील नव्या स्त्री-चळवळीच्या इतिहासात शहाद्याचे नाव प्रारंभीच येते ते यामुळे. त्या दिवसांत पुरुष जाब देण्यासाठी उभे राहिले. आपण होऊन बोलण्यासाठी बसले नाहीत. पन्नास वर्षांनंतरही ती दुसरी बाजू अपुरीच आहे.

त्याहून मागे गेले तर आणखी एक उदाहरण सापडते. तळोदा तालुक्यातील मोरवड येथे १९३० नंतरच्या दशकात गुलाम महाराजांनी दर सोमवारच्या आरतीस लोकांना बोलाविले. हजारो आदिवासी त्या आरतीला जमत. दारू सोडावी, स्वच्छ राहावे, एकमेकांस 'आप' म्हणून मानाने हाक मारावी, एवढाच काय तो उपदेश. त्यातील धर्मश्रद्धेचा भाग ज्याने त्याने आपापल्या परीने पाहावा; परंतु ठरलेला वार, ठरलेली जागा आणि समोरच्याला मान, या तीन गोष्टींनी व्यसनात बुडालेले पुरुष बदलू शकतात, एवढे त्यावरून निश्चित दिसते.

मुंबईतील अनुभवही याच दिशेने बोट दाखवितो. १९९१ साली एका पत्रकाराने वृत्तपत्रात जाहिरात दिली, की बायकोला मारणे अयोग्य आहे असे मानणारे पुरुष हवेत. दोनशेहून अधिक पुरुषांनी उत्तरे पाठविली. त्यातून १९९३ मध्ये 'मावा' ही संघटना उभी राहिली आणि पुरुषांनी पुरुषांशी या विषयावर बोलावे याचा पाठपुरावा ती करीत आली आहे. 'पुरुष स्पंदनं' हा तिचा दिवाळी अंक मराठी वाचकांना परिचित आहे. जाहिरात येण्यापूर्वी ते दोनशे पुरुष नव्हते असे थोडेच आहे? त्यांना विचारणारे कोणी नव्हते. नरेंद्र जाधव यांच्या 'आमचा बाप आन् आम्ही' या १९९३ च्या पुस्तकातील बापाचीही गोष्ट तीच. सेवानिवृत्त झालेल्या त्या कामगाराने आपल्या आठवणी लिहून काढल्या त्या मुलाने आग्रह धरला म्हणून.

ऑस्ट्रेलियात १९९० नंतर वयस्क पुरुषांसाठी सुतारकामाच्या सामाईक शेड सुरू झाल्या. तेथील संयोजकांचे निरीक्षण मार्मिक आहे: पुरुष समोरासमोर बसून बोलत नाहीत, खांद्याला खांदा लावून काम करताना बोलतात. आपल्याकडे दोरखंड वळताना, बैलगाडीची धाव बसविताना, भुईमूग फोडताना असेच होत असे. तेव्हा बापांची बैठक म्हणजे खुर्च्या, ध्वनिक्षेपक आणि प्रमुख पाहुणे असा अर्थ कोणी घेऊ नये. शासकीय उपक्रम झाला की आधी फलक येतो, मग छायाचित्र, मग अहवाल. माणसे शेवटी येतात आणि चहा संपला की जातात.

बैठकीपेक्षा तिचे नियम महत्त्वाचे आहेत, आणि खरी कसोटी तेथेच लागेल. बोललेले बाहेर जाणार नाही ही पहिली अट. ती पाळणे खेड्यात अवघड आहे, कारण खेड्यात प्रत्येक जण प्रत्येकाचा नातलग असतो. म्हणून प्रारंभी गट लहान हवा, सात-आठ जणांचा, आणि ज्याने बाहेर वाच्यता केली त्याला पुन्हा प्रवेश नाही इतका कठोर. दुसरी अट दारू नको. ती सांगण्याची गरज आहे हेच दुर्दैव. तिसरी अट नाजूक आहे. बाप आपले दुःख सांगताना मुलाचे गुपित सांगतो. मुलगा अंथरूण ओले करतो, मुलीने चिठ्ठी लिहिली, हे सांगण्याचा अधिकार बापाला कितपत आहे? स्वतःच्या चुकीविषयी त्याने मोकळेपणाने बोलावे, मुलाच्या लाजेविषयी जपून. आज प्रत्येकाच्या खिशात भ्रमणध्वनी आहे आणि मुलाचे छायाचित्र क्षणात शंभर जणांकडे जाते, तेव्हा ही अट अधिकच काटेकोर हवी. या जिल्ह्यातील हाडे निघालेल्या बालकांची छायाचित्रे वर्षानुवर्षे चेहऱ्यासकट छापली गेली. ती काढताना त्यांच्या बापांना कोणी विचारले होते काय? काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख उघड करण्यास २०१५ च्या बालन्याय अधिनियमाने मनाई केली आहे. ती मुले आज तरुण झाली असतील आणि ती छायाचित्रे अजून कोठेतरी आहेत.

गुप्ततेलाही मर्यादा आहे. एखाद्या बालकावर लैंगिक अत्याचार होत असल्याचे बैठकीत कळले, तर ते पोलिसांना कळविणे २०१२ च्या पॉक्सो कायद्याने प्रत्येकावर बंधनकारक आहे. मुलीचा अल्पवयात विवाह ठरल्याचे कळले तरी गप्प बसता येणार नाही. हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावे. मागाहून सांगितले तर तो विश्वासघात वाटेल. काही माणसे यामुळे येणार नाहीत. न येवोत.

एक आक्षेप गंभीरपणे घ्यावयास हवा. पुरुष एकत्र बसले की बायकांविरुद्ध तक्रारींचा पाढा सुरू होतो आणि बापपणाची बैठक बघता बघता नवऱ्यांची फिर्याद होऊन बसते. शहरांतून असे घडलेले दिसते. शहाद्याच्या ज्या स्त्रियांनी मार खाऊन आवाज उठविला त्यांच्या लेकी-सुना या बैठकीकडे संशयाने पाहतील, आणि तो त्यांचा हक्क आहे. यावर उपाय एकच: बैठकीत विषय मुलाचा असावा. बायकोविषयी तक्रार असेल तर ती बायकोसमोर मांडावी, आणि सात जणांच्या टाळ्यांच्या बळावर घरी जाऊन मांडू नये. गटात काय चालते याची माहिती महिला बचत गटाला असावी. कोण काय बोलला याची नसावी.

कायदा येथे फारसा मदतीला येत नाही. केंद्र शासनाच्या कर्मचाऱ्याला अपत्यजन्माच्या वेळी १५ दिवसांची पितृत्व रजा मिळते. महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये १८० दिवसांची बालसंगोपन रजा दिली ती स्त्री कर्मचाऱ्यांना. पुरुषाला ती मिळावयाची तर पत्नी हयात नसावी किंवा आजारपणाने अंथरुणाला खिळलेली असावी. म्हणजे आई धडधाकट असेपर्यंत बापाची गरज नाही, असे शासनानेच लिहून दिले. स्वीडनने १९७४ मध्येच पालकत्वाची रजा आई-बाप दोघांना खुली केली आणि तरीही बाप ती घेईनात, म्हणून १९९५ मध्ये एक महिना केवळ बापासाठी राखून ठेवावा लागला. रजा दिली तरी सवय आपोआप लागत नाही, हे त्यावरून कळते. उसाच्या फडावरील कोयत्याला तर रजा हा शब्दच ठाऊक नाही.

प्रारंभ कोठून करावा? अमळनेरच्या छात्रालयात साने गुरुजी मुलांच्या खोल्या झाडीत, त्यांचे कपडे धूत. स्वतःचा संसार नसलेल्या माणसाने खानदेशात हे करून दाखविले. आजच्या आश्रमशाळेच्या अधीक्षकाकडून तेवढी अपेक्षा धरणे अन्यायाचे होईल; त्याच्यावर शेकडो मुलांचा आणि त्याहून अधिक कागदांचा भार असतो. परंतु एक गोष्ट त्याला करता येण्याजोगी आहे. जूनच्या मध्यास शाळा उघडते तेव्हा डोक्यावर पत्र्याची पेटी घेऊन बाप मुलाला पोहोचवावयास येतो. दाखला, अंगठा, पेटीला कुलूप, एवढे होईपर्यंत दुपार होते. मग तो व्हरांड्यात भिंतीला टेकून बसतो, कारण परतीची गाडी सायंकाळी असते. त्याच्या शेजारी असेच वीस-पंचवीस बाप बसलेले असतात, आणि पलीकडच्या खोलीतून एखाद्या लहान मुलाच्या रडण्याचा आवाज येत असतो. कोणाचे मूल आहे ते त्यांपैकी एकाला ओळखू येते. तो उठत नाही, कारण इतर उठलेले नाहीत. त्या व्हरांड्यात एक सतरंजी घालून, गाडी येईपर्यंतच्या तीन-चार तासांत त्यांना परस्परांशी बोलते करावयाचे, एवढेच काम आहे; आणि त्यासाठी अनुदानाचा प्रस्ताव पाठवावा लागत नाही.