एवढ्याशाने काय होते?



आपल्या घराघरांत दिवसातून दहा वेळा उच्चारले जाणारे एक वाक्य आहे : ‘एवढ्याशाने काय होते?’ पाहुण्याच्या ताटात आणखी एक पोळी वाढताना आपण ते म्हणतो. पथ्यावर असलेल्या आजोबांच्या हातावर पेढा ठेवतानाही म्हणतो. त्यामागे प्रेमच असते. गेल्या वर्षी, आमच्या देवळाच्या सणाच्या दिवशी, मीही ते म्हणालो. मिस्सेनंतर अंगणात मुलांना केक वाटीत होतो. नऊ वर्षांची एक मुलगी हात मागे बांधून उभी होती. मी बोटभर तुकडा तिच्यापुढे धरला आणि तेच वाक्य बोललो. तिने आईकडे पाहिले. आई हळूच म्हणाली, “फादर, रागावू नका, पण हिला एवढ्याशानेच होते.”

मी ओशाळलो. संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. तेथे जे ऐकले आणि पुढे वाचून व डॉक्टरांना विचारून जे समजून घेतले, ते आज तुमच्यापुढे ठेवीत आहे.

या मुलीस सिलिअ‍ॅक नावाचा विकार आहे. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचे प्रथिन असते. कणीक मळली की तिला जो चिवटपणा येतो, तो त्याचाच. हा विकार असलेल्याच्या पोटात ग्लुटेन गेले की शरीराची संरक्षक शक्ती आपल्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याच्या आतील बाजूस मखमलीच्या लवेसारखे सूक्ष्म उंचवटे असतात व अन्नरस तेच शोषून घेतात. ते झिजून सपाट होतात. मग मूल पोटभर जेवूनही उपाशीच राहते. पोट फुगते, जुलाब होतात, वाढ खुंटते, रक्त वाढत नाही. कित्येकांना पोटाचा त्रास मुळीच नसतो. केवळ लोहाच्या गोळ्या घेऊनही पंडुरोग हटत नाही, एवढीच खूण असते. या मुलीची तीन वर्षे जंतांच्या औषधांत आणि टॉनिकांत गेली.

युरोपातील वैद्यांनाही याचे कारण पुष्कळ काळ उमगले नव्हते. विलेम-कारेल डिके नावाच्या डच बालरोगतज्ज्ञाने ते शोधून काढले. १९४४-४५ च्या हिवाळ्यात, युद्धामुळे हॉलंडमध्ये भीषण अन्नटंचाई झाली व पाव मिळेनासा झाला, तेव्हाच्या अनुभवाने त्याच्या आधीच्या संशयास बळ मिळाले. १९५० साली आपल्या प्रबंधात त्याने गव्हाचा दोष सिद्ध करून दाखविला. आज रक्ताची एक तपासणी आणि दुर्बिणीने घेतलेला आतड्याचा सूक्ष्म नमुना यांवरून निदान होते. मात्र तपासणी होईपर्यंत गहू बंद करू नये. केल्यास रोग असूनही दिसत नाही. उत्तर भारतात झालेल्या पाहणीत साधारण शंभरांत एकास हा विकार आढळला आहे. रोग्याच्या आईवडिलांनी व भावंडांनीही तपासून घ्यावे, कारण रक्ताच्या नात्यात त्याचा संभव अधिक असतो. त्यावर औषध नाही. ग्लुटेनयुक्त अन्न जन्मभर वर्ज्य करणे हाच उपाय. तो निष्ठेने पाळला तर आतडे पुन्हा सुधारते.

हे ऐकावयास सोपे, पाळावयास कठीण. आम्ही वडोदऱ्याच्या वासण्यात राहणारे मराठी लोक. घरी आजी ‘भाकरी’ म्हणते ती ज्वारीची किंवा बाजरीची, आणि ती या मुलीस अमृतासारखी. शेजारच्या गुजराती काकी मायेने ‘भाखरी’ देतात ती गव्हाची, आणि ती तिला विषासारखी. एका अक्षराचा फरक. पण त्या अक्षराने पोर आठवडाभर अंथरुणास खिळली होती. ठेपले, खाखरा, लापशी, शेवया, रवा, मैदा, बिस्किटे ही सर्व वर्ज्यच. परंतु बाजारच्या कुटलेल्या हिंगातही बहुधा गव्हाचे पीठ मिसळलेले असते, आणि दुधात घालावयाच्या कित्येक पुडींत जवाचे माल्ट असते, हे किती जणांस ठाऊक आहे? गिरणीत गव्हामागून ज्वारी दळली तर तिच्यात गव्हाचे पीठ उतरते. म्हणून त्या घराने काटकसर करून घरघंटी घेतली. तवा, पोळपाट, चाळणी हे सर्व त्या मुलीसाठी निराळे ठेवले. समोसे तळलेल्या तेलात तिची भजी तळत नाहीत. रोज पन्नास मिलीग्रॅम ग्लुटेनही आतड्यास इजा करू शकते, आणि पोळीच्या चिमूटभर तुकड्यात तेवढे असतेच.

तरी देवाने तिचे ताट रिकामे ठेवलेले नाही. तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी, मका, सर्व डाळी, वरई, राजगिरा, शिंगाडा, दूध, अंडी, मासळी हे सारे तिचेच आहे. अडचण अन्नाची नाही, पंगतीची आहे. लग्नात ती डबा घेऊन जाते आणि लोक विचारतात, “ही कसली नवी थेरे?” त्या मुलीने मला सांगितले, “फादर, भूक लागली तर मी रडत नाही. लोक हसले की रडू येते.” हे ना थेर, ना सोवळे, हे तिचे औषध आहे.

तिला चिंता मात्र निराळीच होती. यंदा तिचे प्रथम कम्युनियन होते, आणि ओस्ती गव्हाची! २००३ साली व पुन्हा २०१७ साली रोमहून आलेल्या पत्रांत याविषयी स्पष्ट मार्गदर्शन आहे. ओस्ती गव्हाचीच हवी आणि मुळीच ग्लुटेन नसलेली चालत नाही. मात्र अत्यल्प ग्लुटेनची ओस्ती वापरता येते. तीही न सोसणाऱ्याने केवळ द्राक्षारसाच्या रूपात ख्रिस्तप्रसाद घ्यावा. त्यात काहीच उणे राहत नाही. कोणत्याही एका रूपात ख्रिस्त पूर्णपणे असतो, ही आपली श्रद्धा आहे. मिस्सेत धर्मगुरू ओस्तीचा अंश ज्या पेल्यात सोडतो, तो मात्र तिला चालत नाही. म्हणून आम्ही वेदीवर एक लहान वेगळा पेला ठेवला. त्या दिवशी सर्वांच्या आधी ती पुढे आली, आणि तिच्या आजीने पदराने डोळे पुसले. ज्यांच्या घरी असा रोगी असेल त्यांनी संकोच न धरता आपल्या धर्मगुरूंस आगाऊ सांगावे.

शेवटी एकच सांगतो. ख्रिस्तप्रसाद देताना आपण हनुवटीखाली तबकडी धरतो, आणि नंतर तिच्यावरील कण न् कण जपून गोळा करतो. कारण लहानशा कणातही प्रभू पूर्ण आहे, असे आपण मानतो. कणाचे मोल ज्यांना वेदीपाशी शिकविले जाते, त्यांनी तरी शेजाऱ्याच्या ताटातील कणास क्षुद्र म्हणू नये. पुढच्या वेळी असे मूल हात मागे बांधून उभे दिसले तर आग्रह करू नका. आधी विचारा, “बाळ, तुला काय चालते?” आणि ते करून वाढा. एवढ्याशाने पुष्कळ होते.