खांबाला हात लावू नका, पण फोन मात्र लावा

मुंबई-पुण्याकडे वाढलेल्या प्रत्येकाने पावसाळ्यात एक ताकीद ऐकलेली असते: "विजेच्या खांबाला हात लावू नकोस." ही ताकीद उगीच नाही. ऑगस्ट 2025 मध्ये भांडुपला पाणी साचलेल्या रस्त्यावरून जाणारा 17 वर्षांचा मुलगा विजेच्या धक्क्याने गेला. पण हीथ्रोला उतरल्यावर आपण ती ताकीद विसरतो. इथे तारा जमिनीखालून जातात, सगळे कसे नियमात असते, तेव्हा इथे असले काही व्हायचे नाही, अशी आपली समजूत होते. इथली व्यवस्था अधिक चांगली आहे हे खरेच, पण म्हणून निर्धास्त राहावे असे मात्र नाही.

हाउन्सलोच्या हिवाळ्यात दुपारी चारलाच अंधारून येते आणि फुटपाथ दिवसेंदिवस ओले राहतात. निव्वळ पावसाचे पाणी विजेचे फार चांगले वाहक नाही. पण त्यात रस्त्यावरची घाण आणि बर्फ धरू नये म्हणून टाकलेले मीठ मिसळले, की तेच पाणी वीज उत्तम वाहून नेते. रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबाला खाली एक छोटे दार असते, आत विजेची जोडणी असते. ते दार तुटले, केबलचे आवरण झिजले किंवा खोदकामात केबलला धक्का लागला, तर वीज खांबात, लोखंडी झाकणात किंवा ओल्या जमिनीत उतरू शकते. बाहेरून काहीही दिसत नाही.

"मग फ्यूज उडत नाही का?" असे कोणीही विचारील. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षात शिकलेली एक गोष्ट इथे सांगतो. फ्यूज असतो तो तार जळू नये म्हणून, माणूस वाचावा म्हणून नव्हे. समजा, खांबाची अर्थिंगची जोडणी तुटली आहे आणि 230 व्होल्टची वीज मातीतून 20 ओहमच्या वाटेने परत जाते आहे. हा प्रवाह झाला साडेअकरा अँपिअर. 16 अँपिअरचा फ्यूज त्याने उडत नाही. दिवाही जळत राहतो. छातीतून गेलेला 50 मिलिअँपिअरचा, म्हणजे एका अँपिअरच्या विसाव्या भागाएवढा प्रवाहही माणसाच्या जिवावर बेतू शकतो. घरात आपल्याला आरसीडी वाचवते, ती 30 मिलिअँपिअरलाच वीज तोडते. रस्त्याखालच्या मुख्य केबलला असे संरक्षण सहसा नसते. शिवाय रस्त्यावरच्या दिव्यांना सहसा मीटर नसतो, त्यामुळे गळणारी वीज कोणाच्या बिलातही दिसत नाही. पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्या आपल्या मंडळींनाही तिचा पत्ता लागायचा नाही.

अशा वेळी आधी बळी पडतात ती जनावरे. 12 फेब्रुवारी 2011 रोजी न्यूबरीच्या रेसकोर्सवर शर्यतीआधी दोन घोडे जागीच कोसळून मेले. एम फोरने गेलात तर ही जागा आपल्यापासून तासाभरावर आहे. मृत्यूचे कारण विजेचा धक्का असल्याचे तपासात निघाले, गवताखाली जुनी केबल सापडली. लगाम धरलेली माणसे मात्र वाचली. माणसाच्या पायात रबरी तळाचे बूट असतात, घोड्याच्या पायात लोखंडी किंवा अॅल्युमिनियमचे नाल. त्यातून पुढच्या आणि मागच्या पायांत अंतर जास्त, आणि वीज एका पायातून दुसऱ्या पायात जाताना छातीवरून जाते. कुत्र्याचेही तसेच. त्याचे पंजे उघडे आणि ओले असतात.

म्हणून नेहमीच्या रस्त्यावर कुत्रा एखाद्या झाकणाजवळ अचानक केकाटला किंवा पुढे जायला तयार होईना, तर "लाडावलाय" म्हणून त्याला ओढू नका. जानेवारी 2004 मध्ये न्यूयॉर्कला एक तरुणी दोन कुत्र्यांना घेऊन बर्फ-चिखलातून चालली होती. एका लोखंडी झाकणाजवळ आधी कुत्री बिथरली. त्यांना सावरताना ती स्वतः झाकणावर पडली आणि गेली. त्यानंतर 2005 मध्ये न्यूयॉर्क राज्याने वीज कंपन्यांना अशा खांबांची आणि झाकणांची दरवर्षी तपासणी करणे बंधनकारक केले. ब्रिटनमध्ये रस्त्यावरच्या दिव्यांच्या विद्युत तपासणीला सहा वर्षांपर्यंतचे अंतर चालते. माझ्या मते हे अंतर फार आहे. सहा वर्षांत सहा हिवाळे येतात. आपल्या वॉर्डाच्या कौन्सिलरला हा प्रश्न विचारायला काय हरकत आहे? आपण काउन्सिल टॅक्स भरतो, मतही देतो.

अशा दुर्घटना क्वचित घडतात, हे मान्य. पण त्या क्वचितच घडाव्यात यासाठी कोणीतरी वेळेवर कळवावे लागते, आणि नेमके तेच आपण करत नाही. "आपल्याला काय करायचंय", "उगाच नसती भानगड" या सवयी आपण सामानाबरोबर इथे आणल्या आहेत. खांबाला हात लागून झिणझिण्या आल्या, तर हात चोळत घरी जाऊ नका. 105 हा नंबर फुकट आहे आणि दिवसरात्र चालू असतो. तुमच्या भागातल्या वीजवितरण कंपनीशी तो जोडून देतो. तुटलेले दार किंवा वाकलेला खांब दिसला, तर हाउन्सलो हायवेजला कळवा. खांबावर क्रमांक लिहिलेला असतो, तो सांगितला की पुरते.

कोणी कोसळलेले दिसले, तर हात लावायची घाई करू नका. लांब उभे राहा, इतरांनाही थांबवा आणि 999 ला "विजेचा धक्का" असे स्पष्ट सांगा. कुत्रा कोसळला तरी त्याला उचलायला धावू नका, ओला पट्टा सोडून द्या. हे कठीण आहे, पण एकामागून दुसरा जीव जातो तो अशाच वेळी. धक्का बसून नंतर बरे वाटले, तरी छातीत धडधड, भाजल्याची खूण किंवा चक्कर असेल तर डॉक्टरकडे जावेच. गरोदर बाईने तर लक्षण नसले तरी जावे.

आता थोडे आपल्या अंगणाविषयी. दिवाळीला मुंबईहून आणलेल्या माळा आपण हौसेने कुंपणावर लावतो आणि नाताळपर्यंत पावसात ठेवतो. सप्टेंबर 2018 मध्ये लंडनमधल्याच हॅरॉल्ड वुड इथे, एका पबच्या बागेतल्या सदोष दिव्यांमुळे 7 वर्षांचा मुलगा दगावला. घरात लावायची माळ बाहेर लावू नये. बाहेरच्या माळेवर आयपी 44 असा शिक्का पाहावा आणि ती आरसीडी असलेल्या सॉकेटवरच लावावी. आरसीडीचा सुटा प्लग दहा-पंधरा पौंडांत मिळतो, आपण मिठाईवर त्याहून जास्त खर्च करतो. आपल्या कुंपणाला हात लावत जाणारे मूल शेजाऱ्याचेही असू शकते.

भारतातून आलेल्या आई-वडिलांना आणि शाळेतल्या मुलांना हे एकदा समजावून सांगा. गल्लीतला खांब कोणाच्या अखत्यारीत येतो, हे काउन्सिल आणि वीज कंपनी ठरवतील. आपण क्रमांक लिहून घ्यावा आणि त्याच दिवशी फोन करावा.