तुळई निजवावी कीं उभी करावी?

वाचकांनीं एक लांकडी पट्टी घ्यावी. तिचीं दोन टोंकें दोन ग्रंथांवर ठेवून मध्यभागीं बोटानें दाबावें. ती तत्काळ वांकते. आतां तीच पट्टी कडेवर उभी धरून तितक्याच जोरानें दाबावें. ती जवळजवळ वांकतच नाहीं. लांकूड तेंच, बोट तेंच. मग हा भेद कशाचा?

हा प्रश्न मला तीस वर्षें उशिरां पडला. आमच्या माळ्याची तुळई घालतांना सुतार ती उभी बसवूं लागला. निजलेली तुळई भिंतीवर ऐसपैस टेकते, म्हणून तीच अधिक सुरक्षित, असा तर्क लढवून मीं त्याला गप्प केलें. मास्तरांपुढें बिचारा काय बोलणार!

यंदा स्थापत्याचा अभ्यास करणारा, थोरल्या बंधूंचा नातू सुटींत घरीं आला. वर पाहून तो म्हणाला, “आबा, तुळई मधोमध खचली आहे. आधीं बाळाचा पाळणा इथून हलवूं या.” पाळणा हलला, मग त्यानें पाटी मागितली.

तुळई भारानें वांकली म्हणजे तिचे वरचे तंतू दाबले जातात, खालचे ताणले जातात. मधल्या थराला ताणही नाहीं आणि दाबही नाहीं. त्या थरापासून तंतू जितके दूर, तितके ते अधिक उपयोगी. म्हणून तुळईचें सामर्थ्य रुंदीच्या प्रमाणांत, पण उंचीच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतें. ताठपणा तर उंचीच्या घनाच्या प्रमाणांत. आमची तुळई ४ इंच बाय ८ इंच. उभी असती तर ४ × ८ × ८ = २५६; निजलेली, ८ × ४ × ४ = १२८. माझ्या तर्कानें सामर्थ्य निम्में झालें होतें आणि ताठपणा चौथाई!

वृद्ध गॅलिलिओनें १६३८ सालीं लायडेन येथें छापलेल्या ग्रंथांत उभ्याआडव्याचें हें प्रमाण बरोबर सांगितलें आहे. मात्र सर्वच तंतू सारखे ताणले जातात असें धरल्यानें त्याचें उत्तर खऱ्याच्या तिप्पट येई. फ्रेंच गणिती पारां यानें १७१३ सालीं ती चूक सुधारली. पुढें नाव्हिए याच्या १८२६ च्या ग्रंथानें हें शास्त्र बांधकामाच्या हातीं दिलें. चूक थोरांचीही होते. ती दाखविणारा मागाहून येतो, आणि त्याचें ऐकावें लागतें.

माळा रिकामा केला. सर्वांत जड ओझें माझ्याच ग्रंथांच्या पेट्यांचें निघालें. तुळईखालीं मध्यावर भक्कम धिरा दिला; त्यानें खण निम्मा झाला. जाणत्या इंजिनियरास दाखवून तुळई बदलण्याचें ठरलें.

तो सुतार आतां हयात नाहीं. त्याचा मुलगा कामाला आला, तेव्हां घरच्या मंडळींदेखत मीं त्याला सांगितलें, “चूक माझी होती, तुझे वडील बरोबर होते.” तो खालीं पाहून एवढेंच म्हणाला, “मरेपर्यंत सांगत होते, मास्तरांची तुळई एकदां बघून ये.”

वाचकहो, आज आपल्या माळ्याकडे एकवार मान वर करून पाहावें.