चूक सांगणारे पायलट



परवा चौथीच्या वर्गात भागाकार शिकवत होते. फळ्यावर गणित सोडवलं, "बाकी किती उरली?" असं विचारलं आणि वळून बघते तर वर्गात उरलं कोणीच नव्हतं! सगळी पलटण पटांगणात. माना वर, हात हलवणं चालू. "बाई, इमान! बारकं इमान!"

आमचं गाव कर्जत तालुक्यात, भीमेच्या अंगाला. सिद्धटेकचा गणपती आमच्यापासून फार लांब नाही. नदी ओलांडली की पुणे जिल्हा लागतो, आणि त्या बाजूला बारामतीला बरीच वर्षं विमान चालवायला शिकवतात. तिकडचं एखादं शिकाऊ विमान कधीमधी आमच्या डोक्यावरून जातं. मोठं विमान दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पांढरी रेघ ओढत निघून जातं, ते काही आपल्याकडे बघत नाही. हे बारकं मात्र आपलं वाटतं. त्याचे पंख दिसतात, पुढचा पंखा दिसतो. आतला माणूस आपल्याला हात करतो असंही पोरं शपथेवर सांगतात. मी अजून पाहिलेला नाही.

त्या दिवशी भागाकार तसाच राहिला आणि आम्ही विमानावर बोललो. आजची गोष्ट त्यातलीच.

हे छोटं विमान असतं तरी केवढं? सेसना १५२ नावाचं विमान शिकाऊ पायलट जगभर वापरतात. त्यात दोनच माणसं बसतात. एक शिकणारा, एक शिकवणारा. रिकाम्या विमानाचं वजन साधारण पाचशे किलो, म्हणजे एखाद्या जाड म्हशीएवढं! इंजिन एकच. आता हे एक इंजिन आभाळात बंद पडलं, तर विमान रस्त्याच्या कडेला लावून मेकॅनिक बोलावता येत नाही. म्हणून जे काही तपासायचं ते जमिनीवर असतानाच तपासायचं.

पायलट काय करतो माहीत आहे? आधी विमानाभोवती एक फेरी मारतो. चाकं बघतो, पंखांच्या हलत्या फळ्या हाताने हलवून बघतो. मग घोड्यावर चढून पंखातल्या टाकीचं झाकण उघडतो आणि आत खुणांची पट्टी बुडवून इंधन मोजतो. तुमचे आजोबा ट्रॅक्टरच्या टाकीत काठी घालून डिझेल बघतात ना, अगदी तस्सं. समोर काटा असतो, पण नुसत्या काट्यावर विसंबायचं नाही.

पुढची गंमत ऐका. पायलट टाकीच्या तळातून थोडं इंधन एका पारदर्शक पेल्यात काढतो आणि उजेडात धरून बघतो. कशासाठी? इंधनात पाणी आहे का ते बघायला. पेट्रोलपेक्षा पाणी जड, म्हणून ते तळाशी बसतं. या विमानांचं जे नेहमीचं पेट्रोल असतं त्यात मुद्दाम निळा रंग घातलेला असतो. पेल्यात वर निळं आणि खाली बिनरंगी थर दिसला, की समजायचं पाणी आहे. ते सगळं निघून जाईपर्यंत विमान हलवायचं नाही.

आणि हे सगळं पाठ असलं तरी यादी हातात घेऊन, एकेक ओळ वाचून करायचं. या यादीचीही एक दुःखाची गोष्ट आहे. १९३५ साली ३० ऑक्टोबरला अमेरिकेत बोइंग कंपनीच्या एका नव्या, मोठ्या विमानाची चाचणी होती. चालवणारे अतिशय अनुभवी. विमान उभं असताना वाऱ्याने शेपटीच्या फळ्या आपटू नयेत म्हणून त्यांना कुलपासारखी अडक लावतात. ती अडक काढायची राहून गेली. विमान उडालं, सरळ वर चढत गेलं आणि कोसळलं. दोघांचा जीव गेला. ज्यांना सगळं येत होतं तेच विसरले. त्यानंतर पायलटांनी ठरवलं, डोक्यावर भिस्त ठेवायची नाही, कागदावर ठेवायची.

"बाई, एवढं तपासून पण इमान पडतं का?" एका मुलीने विचारलं. ही मुलगी मोठेपणी पायलट होणार आहे, असं ती स्वतःच सांगते. तिच्या आजीला ते मंजूर नाही.

पडतं. खोटं कशाला सांगू? २५ जुलै २०२२ ला बारामतीहून एक शिकाऊ मुलगी एकटीच विमान घेऊन निघाली होती. ते इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या शेतात कोसळलं. नशीब बलवत्तर, तिला किरकोळच लागलं. गावकरी धावत गेले. पुढच्या वर्षी, २०२३ च्या ऑक्टोबरात, बारामतीजवळ चार दिवसांत दोन विमानं पडली, १९ तारखेला आणि २२ तारखेला. दोन्ही वेळा माणसं वाचली, पण सरकारच्या विमान खात्याने त्या संस्थेचं शिकवणंच काही काळ थांबवलं.

प्रत्येक वेळी असं नशीब नसतं. १६ जुलै २०२१ ला जळगाव जिल्ह्यात, चोपडा तालुक्यातल्या वर्डी शिवारात, सातपुड्याच्या पायथ्याशी एक शिकाऊ विमान पडलं. शिकवणारे कॅप्टन गेले. शिकणारी मुलगी जबर जखमी झाली. जागा अशी अडचणीची की गाडी पोचेना. पावसाळ्याचे दिवस. तिथल्या आदिवासी वस्तीवरची माणसं धावली. स्ट्रेचर कुठून आणायचं? एका भिल्ल बाईंनी आपली नेसती साडी सोडून दिली. तिची झोळी केली आणि त्या झोळीतून त्या मुलीला खाली रस्त्यापर्यंत नेलं.

हे सांगितल्यावर वर्ग गप्प झाला. मग मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, चूक कुणाची व्हती? त्याला काय शिक्षा झाली?"

हाच प्रश्न मला हवा होता.

मुलांनो, विमान पडलं की चौकशी होते. आपल्या देशात त्यासाठी २०१२ पासून एक वेगळी कचेरीच आहे, विमान अपघात अन्वेषण ब्युरो. नाव जरा जड आहे, अन्वेषण म्हणजे शोध घेणं. ही माणसं मोडक्या विमानाचा तुकडा न् तुकडा बघतात. म्हणून अशा ठिकाणी गेलात तर आठवण म्हणून एखादा तुकडा खिशात घालू नका बरं. आणि पेट्रोल सांडलेलं असतं, तेव्हा विडी-काडी तर लांबच ठेवायला सांगा. मोठ्यांना बोलवा, ११२ ला फोन करायला लावा. तर ही चौकशी दोषी कोण हे ठरवण्यासाठी नसतीच. तिचा प्रश्न एकच असतो, हे पुन्हा होऊ नये म्हणून काय करायचं? कुणी मुद्दाम गुन्हा केला असेल तर पोलीस आहेत, कोर्ट आहे. ते वेगळं.

जगातले पायलट याच्याही पुढे गेले. त्यांना कळलं, की अपघात होण्याची वाट बघण्यात अर्थ नाही. १ डिसेंबर १९७४ ला अमेरिकेत वॉशिंग्टनजवळ एक प्रवासी विमान उतरत होतं. खालून सूचना आली, तिचा अर्थ पायलटांनी असा घेतला की आता आणखी खाली यायला हरकत नाही. ढग दाट, पुढचं दिसत नव्हतं, आणि पुढे डोंगर होता. विमानातले ९२ च्या ९२ जण गेले.

चौकशीत काय निघालं ठाऊक आहे? सहाच आठवडे आधी दुसऱ्या एका कंपनीच्या विमानाने त्याच ठिकाणी, तश्शीच चूक केली होती आणि त्याच डोंगरावरून ते थोडक्यात वाचलं होतं. त्या पायलटांनी प्रामाणिकपणे आपल्या कंपनीला सांगितलं. कंपनीने आपल्या बाकीच्या पायलटांना सावध केलं. पण फक्त आपल्याच. शेजारच्या कंपनीला पत्ताच नाही!

मला हे वाचून फार चुटपुट लागली. कारण आपल्याकडे ह्याच्या उलट घडलेलं मला माहीत होतं. १९३० साली इंग्लंड आणि भारत यांच्यामध्ये एकट्याने विमान उडवायची शर्यत लागली होती. जे. आर. डी. टाटा कराचीहून निघाले, अ‍ॅस्पी इंजिनीअर नावाचा कोवळा मुलगा तिकडून येत होता. दोघांची गाठ पडली इजिप्तमध्ये. अ‍ॅस्पी स्पार्क प्लगसाठी अडकून पडला होता. टाटांनी आपल्याजवळचा जादा प्लग त्याला देऊन टाकला. शर्यत अ‍ॅस्पीनेच जिंकली! पुढे तो आपल्या हवाई दलाचा प्रमुख झाला. कंपन्यांनी निदान एवढं तरी करायला हवं होतं ना?

त्या डोंगरावरच्या अपघातानंतर १९७६ पासून अमेरिकेत एक सोय झाली. कुठल्याही पायलटने, मग तो मोठं विमान चालवणारा असो की हौसेने सुट्टीच्या दिवशी छोटं विमान उडवणारा, आपली चूक किंवा थोडक्यात टळलेला अपघात लिहून कळवायचा. ही पत्रं येतात कुठे, तर नासामध्ये. होय, चंद्रावर माणूस पाठवणारी नासा! शिक्षा करणारं खातं वेगळं आणि पत्र उघडणारे लोक वेगळे, म्हणून पायलटला भीती वाटत नाही. पत्रातलं नाव काढून टाकतात आणि चूक तेवढी सगळ्यांना वाचायला देतात. कुणी लिहितं, टाकीचं झाकण लावायचं राहिलं. कुणी लिहितं, घरी लवकर जायचं म्हणून ढगात घुसलो. अशी पत्रं लाखोंनी जमली आहेत.

हे सगळं मी वर्गात झोकात सांगितलं खरं, पण सांगताना माझाच आवाज जरा बसला. का ते तुम्हाला सांगते. वर्गातल्या मुलांना ते माहीतच आहे.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. शाळेच्या बोअरच्या मोटरचा स्टार्टर मागच्या पडवीत आहे. मुलांनी त्याला हात लावायचा नाही, असा नियम. एकदा एकाने लावला, म्हणून मी त्याला सगळ्या शाळेसमोर उभं केलं होतं. चांगलं तासभर. मला वाटलं, आता कुणाची हिंमत होणार नाही.

त्यानंतर आठवड्याभराने, सोमवारी सकाळी, खिचडी शिजवणाऱ्या आमच्या मावशी मोटर चालू करायला गेल्या आणि किंकाळी ऐकू आली. स्टार्टरच्या पत्र्याच्या पेटीतच करंट उतरला होता. मावशी मागे फेकल्या गेल्या म्हणून वाचल्या. पण ओट्याच्या कडेवर पडल्या, मनगट मोडलं, कपाळाला टाके पडले. त्यांचं हातावर पोट. तीन महिने त्या हाताने पळीसुद्धा धरता आली नाही.

दुपारी एक मुलगा माझ्यामागे घुटमळायला लागला. नाव सांगत नाही, कारण पायलटांच्या पत्रातलंही नाव काढून टाकतात. डोळे भरलेले. म्हणाला, "बाई, मला शुक्रवारीच झटका बसला व्हता तिथं. चेंडू काढताना."

"अरे, मग सांगितलं का नाहीस?"

खाली बघून म्हणाला, "तुम्ही हुबं केलं असतं."

मी काय बोलणार? शुक्रवार ते सोमवार. मधे तीन रात्री. वायरमनला बोलवायला भरपूर वेळ होता. पोराने नियम मोडला होता, हे खरं. पण त्याचं तोंड मी बंद केलं होतं, हेही तितकंच खरं. (पालकहो, हा कंस तुमच्यासाठी. घरी फुटलेल्या कपाविषयी आपण किती ओरडतो, ते एकदा आठवून बघा. गॅसची नळी सुटलेली पोराला दिसली, तर ते आपल्याकडे येईल का?)

मी त्याला जवळ घेतलं आणि म्हटलं, आज सांगितलंस ते फार बरं केलंस. दुसऱ्या दिवशी मावशींकडे गेले. मावशी म्हणाल्या, "लेकराला बोलू नका, बाई." मी म्हटलं, लेकराला नाही, मी माझंच सांगायला आले आहे.

आता आमच्या वर्गाच्या दाराशी एक खोकं टांगलेलं आहे. बुटाचं खोकं, वर फट. त्यात चिठ्ठी टाकायची, नाव लिहायचं नाही. आपण केलेली चूक चालेल, दिसलेला धोका चालेल. शनिवारी आम्ही ते उघडतो आणि मोठ्याने वाचतो. अक्षरावरून मी ओळखते, पण ओळखलं असं दाखवत नाही. आतापर्यंत निघालेल्या चिठ्ठ्या सांगू? "टाकीचं झाकण उघडं राहिलं माझ्याकडून." "जिन्याची तिसरी पायरी हलती." "मी धाकट्या भावाला विहिरीवर घेऊन गेलो होतो, घरी सांगू नका." ही शेवटची वाचली त्या दिवशी संध्याकाळी मी भीतभीतच सरपंचांच्या घरी गेले, आणि पंधरा दिवसांत त्या विहिरीला कठडा झाला. घरी कुणाच्या काही सांगितलं नाही. शब्द दिला होता.

तुम्हीही मला पत्र पाठवा. थोडक्यात वाचल्याचा प्रसंग लिहा, मासिकातल्यासारखा सजवू नका, जसा घडला तसाच. नाव खाली लिहिलं तरी मी छापायला देणार नाही.

गेल्या शनिवारच्या खोक्यात एकच चिठ्ठी होती. अक्षर त्या पायलट होणाऱ्या मुलीचं. लिहिलं होतं, "बाई काल स्कूटीचा स्टँड न काढता निघाल्या होत्या. कोपऱ्यावर हेलपाटल्या. यादी करावी."

केली आहे. डिकीच्या झाकणाला आतून चिकटवली आहे.

तुमची,
बाई