पांढरा बैल आणि तीन रंग

ज्या देवणीचे नाव एका गोवंशाला मिळाले, त्या देवणीत आमच्या दावणीला आज बैल नाही. शेवटची जोडी आजोबांनी विकली. आता पोळ्याला मातीचे बैल पुजतो. त्यांतला एक 'वानेरा', म्हणजे अंग पांढरे, तोंडाची बाजू काळी. त्याचा रंगीत होलोग्राम काढावा असे मनात आले, तेव्हा मित्र हसले, "अरे, तू बी.ए.चा! हे सायन्सवाल्यांचे काम!" हे मत मला मान्य नाही.

छायाचित्रात प्रकाशाची केवळ तीव्रता उतरते, होलोग्राममध्ये लहरींची ठेवणही उतरते. म्हणून मान हलवली की शिंगाआडचे वशिंड दिसू लागते! डेनिस गाबोर यांना ही कल्पना १९४७ साली सुचली. १९६० साली लेसर आला आणि १९६२ साली युरी डेनिस्युक यांनी एकाच झोताची सोपी पद्धत मांडली. लेसरचा झोत काचेच्या प्लेटमधून वस्तूवर पडतो, परत येऊन प्लेटला मागून भिडतो. या दोन प्रकाशांचा मिलाफ प्लेटवरच्या थरात नोंदला जातो. मात्र त्या काही सेकंदांत केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाएवढीही हालचाल चालत नाही.

मी सायकलच्या ट्यूबवर वाळूची पेटी ठेवली आणि लाल लेसर लावला. पहिल्या दोन प्लेटा कोऱ्या निघाल्या, रस्त्यावरून वाहने जात होती. तिसरी मध्यरात्री घेतली. धुऊन, वाळवून टॉर्च धरला, तर काचेमागे वानेरा उभा! पण सारा लाल.

तेव्हा कळले की पांढरा रंग सर्वांत अवघड. त्यासाठी लाल, हिरवा, निळा असे तीन स्थिर लेसर एकाच वाटेने आणावे लागतात, आणि तिन्ही रंग टिपणारी प्लेट लागते. एक रंग कमी पडला की पांढऱ्यावर छटा चढते. तिरपे केल्यावर इंद्रधनुष्य दाखवणारी चिकटपट्टी म्हणजे खरा रंगीत होलोग्राम नव्हे.

म्हणून माझे मत असे की नवशिक्याने एका रंगापासूनच आरंभ करावा. यंत्र सायन्सवाल्यांनी जुळवावे. पण पांढरा खरोखर पांढरा उतरला की नाही, हे पारखायला रंगांत वाढलेली नजर हवी. दोन्ही शाखांना मिळून महाविद्यालयात एक अंधारी खोली मिळावी, एवढीच मागणी.

जिवंत बैल मात्र या पद्धतीने पकडता येत नाही, कारण तो श्वास घेतो. आजोबांना मी लाल वानेरा दाखवला. बराच वेळ मान इकडेतिकडे करून ते म्हणाले, "वशिंड बरोबर आलंय. रंग तेवढा नाही."


तो रंग आणायचा आहे.